कीर्द, खतावणी आणि संगणकशास्त्र

वाशिम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील शिरपूर हे गाव देशभरातील जैन समाजाला अंतरिक्ष पार्श्वनाथांचे क्षेत्र म्हणून ज्ञात आहे. यात्रेकरू येतात, दर्शन घेतात आणि परततात. येथे पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या कुटुंबांचा दिवस मात्र मंदिर आणि पेढी या दोन ठिकाणी वाटलेला असतो. सोयाबीन, तूर आणि हरभऱ्याचे हंगाम, शेतकऱ्यांची उधारी, बाजार समितीतील हर्रास आणि दिवस मावळताना जुळवायचा हिशेब हा या घरांचा नित्यक्रम होय. मुलांना पाढे शाळेत शिकवले जाण्यापूर्वीच दुकानात ऐकून पाठ झालेले असतात आणि ‘ताळा बसला का?’ हा प्रश्न त्यांच्या कानांवर बालपणापासून पडतो.

अशाच एका घरातील मुलाने शेगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेतली, गेट परीक्षेत उत्तम गुण मिळवले आणि पवईच्या आय.आय.टी. मुंबईत संगणकशास्त्राच्या एम.टेक. अभ्यासक्रमास प्रवेश मिळवला. अखेरचे सत्र संपवून तो गावी परतला तेव्हा नातेवाइकांनी नेहमीप्रमाणे ‘पॅकेज किती?’ असे विचारले. वडिलांचा प्रश्न निराळा होता. ‘‘पगाराचं मागून पाहू. दोन वर्षांत तू शिकला काय, ते सांग.’’

या प्रश्नामागे एक चिंता होती. धाकटी बहीण बारावीत होती आणि तिलाही हाच विषय घ्यायचा होता. घरात दोन मते पडली होती. चार वर्षांची पदवी आणि तिचा खर्च कशाला, जाहिरातींत दिसणारा ‘सहा महिन्यांत कृत्रिम बुद्धिमत्तेचे तज्ज्ञ’ करणारा वर्ग तिला लावून द्यावा, असे काकांचे म्हणणे होते. आईला हे पटत नव्हते, परंतु का पटत नाही हे तिला शब्दांत मांडता येत नव्हते. दादाच्या उत्तरावर बहिणीच्या पुढील शिक्षणाची दिशा ठरणार होती.

त्याने आजोबांच्या काळातील एक कोरी राहिलेली लाल चोपडी काढली. प्रत्येक विषयाला एक पान दिले. डावी बाजू जमेची, उजवी नावेची. त्या विषयाने काय दिले ते जमेस आणि काय घेतले ते नावे. पेढीवरच्या माणसाला समजेल अशा भाषेतच सर्व लिहायचे, एवढा एकच नियम त्याने स्वतःला घालून घेतला.

निम्म्याचे निम्मे

पहिले पान अल्गोरिदम या विषयाचे होते. अल्गोरिदम म्हणजे एखादे काम तडीस नेण्याची पायरीपायरीने सांगितलेली निश्चित रीत. दहा लाख ग्राहकांची नावे अकारविल्हे लावलेली आहेत आणि त्यांतील एक शोधायचे आहे, असे समजू. आरंभापासून एकेक नाव पाहत गेल्यास दहा लाख नावे पाहण्याची पाळी येऊ शकते. परंतु मधोमध वही उघडली, हवे ते नाव अलीकडे की पलीकडे एवढेच ठरवले आणि उरलेल्या निम्म्या भागात पुन्हा मधोमध पाहिले, तर जास्तीत जास्त २० वेळा पाहून काम होते. यादी दुप्पट झाली तरी केवळ एक पायरी वाढते. या विषयाने त्याला एक नवा प्रश्न विचारण्याची सवय लावली. आज काम किती वेळात होते हे विचारणे पुरेसे नाही. पसारा दुप्पट झाला तर काम किती पटींनी वाढेल, हे विचारावे. एका दुकानाची दहा दुकाने करू पाहणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याला हा प्रश्न कधी ना कधी पडतोच.

निम्म्याचे निम्मे करत जाण्याच्या या मोजणीला जैन गणितात एक जुने नाव आहे, हे त्याला ग्रंथालयातील वाचनात आढळले. षट्खंडागमावरील ‘धवला’ या टीकेत आचार्य वीरसेनांनी, इ.स. ८१६ च्या सुमारास, ‘अर्धच्छेद’ ही संज्ञा वापरली आहे. एखादी संख्या जितक्या वेळा निम्मी करता येते, तितके तिचे अर्धच्छेद. ३२ चे अर्धच्छेद ५. दोन संख्यांच्या गुणाकाराचे अर्धच्छेद म्हणजे त्या दोहोंच्या अर्धच्छेदांची बेरीज, हा नियमही तेथे आहे. आजचे विद्यार्थी ज्याला दोन पायाचा लॉगरिदम म्हणतात, ती हीच कल्पना होय. आणि या ग्रंथाच्या मुद्रणाचा इतिहास तर वऱ्हाडातलाच. मूडबिद्रीच्या ताडपत्रांवर शतकानुशतके जपून ठेवलेली धवला डॉ. हिरालाल जैन यांनी अमरावती येथे संपादित केली व तिचा पहिला खंड १९३९ मध्ये तेथूनच प्रसिद्ध झाला. पुढे १९४२ च्या चौथ्या खंडात लखनौच्या डॉ. अवधेश नारायण सिंह यांनी धवलेतील गणितावर लेख लिहिला आणि गणिताच्या अभ्यासकांचे लक्ष तिकडे वेधले गेले.

दुसरे उदाहरण आचार्य हेमचंद्रांचे. लघु अक्षराची एक मात्रा व गुरूच्या दोन, असे धरल्यास ठरावीक मात्रांच्या चरणात अक्षरांच्या किती रचना संभवतात, हा छंदःशास्त्राचा प्रश्न. हेमचंद्रांनी बाराव्या शतकात त्याची रीत सांगितली: मागील दोन संख्यांची बेरीज करावी. १, २, ३, ५, ८, १३ अशी ही माला पुढे जाते. इटलीच्या लिओनार्दोचा, म्हणजे फिबोनाचीचा, ग्रंथ १२०२ मधला आहे. आज जगभरच्या संगणकवर्गांत हीच माला एक धडा म्हणून येते. तिची चाळिसावी संख्या काढताना मागची उत्तरे लिहून न ठेवता संगणकाला प्रत्येक वेळी मुळापासून गणित करायला लावले, तर त्याला तीच ती रीत २० कोटींहून अधिक वेळा चालवावी लागते. उत्तरे लिहून ठेवली तर ३८ बेरजांत काम संपते. लिहून ठेवण्याचे मोल याहून स्पष्ट रीतीने क्वचितच दाखवता येईल.

येथे त्याने एक सावधगिरीही नोंदवली. ‘संगणक आपल्या ग्रंथांत होताच’ असे म्हणणे सोपे आहे, परंतु ते खरे नाही. आचार्यांना विराट संख्या मोजायच्या होत्या, छंदांच्या रचना गणायच्या होत्या. त्यासाठी त्यांनी अचूक रीती शोधल्या. अभिमान वाटावा तो त्या अचूकतेचा. इ.स. ८५० च्या सुमारास लिहिलेल्या महावीराचार्यांच्या ‘गणितसारसंग्रहा’ची हिंदी अनुवादासह आवृत्ती सोलापुराहून १९६३ मध्ये निघाली. ती घरात असणे चांगलेच; ती सोडवून पाहणे अधिक चांगले.

आधी कीर्द, मग खतावणी

दुसरे पान डेटाबेसचे. या विषयावरील जगभर वापरल्या जाणाऱ्या एका पाठ्यपुस्तकाच्या तीन लेखकांपैकी प्रा. एस. सुदर्शन हे पवईच्या विभागातील प्राध्यापक, हे त्याला तेथे गेल्यावर कळले. विषयाचा गाभा मात्र त्याला पवईच्या आधी शिरपूरलाच भेटलेला होता.

बँकेत एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पैसे पाठवताना संगणकाला दोन नोंदी कराव्या लागतात, एक नावे आणि एक जमा. पहिली झाली आणि वीज गेली, तर पैसे मध्येच नाहीसे होतील. म्हणून नियम असा की दोन्ही नोंदी व्हाव्यात, नाहीतर एकही होऊ नये. हे साधायचे कसे? मूळ खात्याला हात लावण्यापूर्वी, काय करणार आहोत ते एका स्वतंत्र नोंदवहीत क्रमाने लिहून ठेवायचे. मध्येच यंत्र बंद पडले तर ते पुन्हा सुरू होताना आधी ती नोंदवही वाचते, पूर्ण झालेले व्यवहार खात्यांत उतरवते आणि अर्धवट राहिलेले रद्द करते.

वर्गात ही रीत फळ्यावर आली तेव्हा त्याला मुनीमजी आठवले. दिवसभर व्यवहार घडतील तसे रोजकिर्दीत लिहायचे आणि नंतर निवांतपणे खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर उतरवायचे. खतावणी भिजली, फाटली, तरी किर्दीवरून ती पुन्हा उभी करता येते. कीर्द गेली तर काही उरत नाही. ‘आधी कीर्द, मग खतावणी’ ही पेढीची शिस्त आणि डेटाबेसचा हा नियम एकाच भीतीतून जन्मले आहेत: काम अर्ध्यात थांबेल, ही भीती. फरक इतकाच की मुनीमजी ही शिस्त सांभाळत होते, आणि ती एका वेळी हजारो माणसे व्यवहार करत असतानाही मोडत नाही हे सिद्ध कसे करावे, ते अभ्यासक्रमाने शिकवले. जमेच्या बाजूस त्याने लिहिले: ‘जे घरी सवयीने येत होते, त्याचे कारण कळले.’

तिजोरीत पैसे असूनही

तिसरे पान ऑपरेटिंग सिस्टिमचे, म्हणजे एकाच यंत्रावर चालणाऱ्या अनेक कामांना साधने वाटून देणाऱ्या व्यवस्थेचे. या विषयात डच संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांची १९६० च्या दशकातील एक रीत शिकवतात. तिचे नावच ‘बँकर्स अल्गोरिदम’, अर्थात सावकाराची रीत.

समजा, पेढीचे भांडवल १० लाख आहे. तीन गिऱ्हाइकांच्या उधारीच्या मर्यादा अनुक्रमे ८, ५ आणि ४ लाख ठरल्या आहेत. त्यांनी आजवर ४, २ आणि २ लाख उचलले. तिजोरीत २ लाख शिल्लक आहेत. प्रत्येकाचे काम त्याची पूर्ण गरज भागल्यावरच तडीस जाते आणि मगच सर्व रक्कम परत येते. आता पहिल्या गिऱ्हाइकाने १ लाख मागितले. पैसे तर आहेत, द्यावेत का?

डाइक्स्ट्रांची रीत ‘नाही’ म्हणते. दिल्यास तिजोरीत १ लाख उरेल. तिघांच्या उरलेल्या गरजा ३, ३ आणि २ लाखांच्या. तिघांनीही त्या एकदमच पुढे केल्या तर कोणाचेच काम पुरे करता येणार नाही आणि सर्वांचे पैसे अडकून पडतील. याउलट तूर्त थांबून तिसऱ्याला २ लाख दिले, तर त्याचे काम होऊन ४ लाख परत येतात, त्यातून दुसऱ्याचे आणि शेवटी पहिल्याचेही काम होते. मागणी नाकारलेली नसते. तिचा क्रम बदललेला असतो.

लहानपणी वडील पैसे असूनही एखाद्याला ‘चार दिवस थांबा’ म्हणत, तेव्हा त्याला ते कठोर वाटे. या पानावर त्याने त्याचा खुलासा मांडला. वडिलांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, ‘‘हे तर आम्ही करतोच. पण असं मांडून कोणी सांगितलं नव्हतं.’’

ट्रक भरण्याचे गणित

चौथ्या पानावर संगणकाच्या मर्यादांचा विषय आला. ४० निरनिराळ्या वजनांचे आणि किमतींचे नग आहेत, ट्रकमध्ये ठरावीक वजनच मावते. कोणते नग घेतल्यास सर्वाधिक किमतीचा माल जाईल? प्रत्येक नग घ्यायचा किंवा ठेवायचा, म्हणून ४० नगांच्या निवडी एक लाख कोटींहून अधिक होतात. सेकंदाला दहा लाख निवडी तपासणाऱ्या यंत्राला सर्व तपासायला सुमारे १३ दिवस लागतील. नग ६० झाले की तेच काम ३६ हजार वर्षांवर जाते.

अशा अनेक प्रश्नांना खात्रीने झटपट उत्तर देणारी रीत आहे की नाही, हे आजवर कोणालाही सिद्ध करता आलेले नाही. अमेरिकेतील क्ले गणित संस्थेने २००० साली या प्रश्नाच्या उकलीसाठी १० लाख डॉलरांचे पारितोषिक जाहीर केले. ते अद्याप कोणी मिळवलेले नाही. मग हमाल आणि ट्रकवाले रोज ट्रक कसे भरतात? ते सर्वोत्तमाचा हट्ट धरत नाहीत. पुरेसे चांगले उत्तर वेळेत काढतात. तीच वाट संगणकशास्त्रानेही घेतली आहे. ‘हे यंत्र सर्व काही करते’ असे सांगून वस्तू विकणाऱ्यापासून सावध राहण्याचे बळ या विषयाने दिले, असे त्याने जमेस लिहिले.

पानाच्या कडेची टीप

सर्वांत मोठे पान मशीन लर्निंगचे झाले. मागील नोंदींवरून पुढचा अंदाज बांधायला यंत्राला शिकवण्याचा हा विषय आणि काकांच्या जाहिरातीतलाही हाच. पहिला धडा हिशेबाचा होता. शंभरांपैकी ९२ गिऱ्हाइके उधारी वेळेवर फेडत असतील, तर ‘सगळेच फेडतात’ असे आंधळेपणाने सांगणारे यंत्रही शंभरात ९२ वेळा बरोबर ठरते. आणि तरीही निरुपयोगी असते, कारण ज्या आठांसाठी ते आणले त्यांच्यापैकी एकालाही ते ओळखत नाही. टक्केवारी ऐकून भुलू नये, हे त्याने ठळक लिहिले.

दुसरा धडा घरच्या वह्यांनी दिला. वडिलांच्या अनुमतीने त्याने बारा वर्षांची उधारी, नावांऐवजी क्रमांक घालून, संगणकात भरली. कोण थकवील हे यंत्राने सांगायचे होते. यंत्राने धोक्याच्या यादीत घातलेल्यांत एक क्रमांक असा होता की वडील थबकले. हे शेतकरी कुटुंब आजोबांच्या काळापासूनचे. २०१४ आणि २०१५ या कमी पावसाच्या वर्षांत त्यांची बाकी थकली होती. पुढे पीक आल्यावर त्यांनी पैसा न् पैसा फेडला होता. मूळ खतावणी काढली तेव्हा त्या पानाच्या कडेला वडिलांच्या अक्षरात चार शब्द आढळले: ‘पाऊस नाही. थांबणे योग्य.’

संगणकात तारीख, रक्कम आणि बाकी यांचे रकाने होते. कडेच्या टिपेसाठी रकाना नव्हता. यंत्राला पाऊस ठाऊक नव्हता, म्हणून त्याने आपत्तीला अप्रामाणिकपणा समजले. त्या यादीनुसार चालले असते तर एका प्रामाणिक घराची उधारी ऐन गरजेच्या वेळी बंद झाली असती आणि का बंद झाली हे त्यांना कोणी सांगू शकले नसते. वडील इतकेच म्हणाले, ‘‘त्या वर्षी थांबलो नसतो, तर आज हे गिऱ्हाईक नसतं, अन् मनाला बरंही वाटलं नसतं.’’

भारतीय सांख्यिकी संस्थेचे संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी १९५४ मध्ये स्याद्वादातील सप्तभंगी आणि संभाव्यतेचे आधुनिक शास्त्र यांच्या नात्यावर लिहिले होते. विद्यार्थ्याला त्याचा अर्थ या प्रसंगी उमगला. यंत्राचे उत्तर हे ‘एका अपेक्षेने असे’ या स्वरूपाचे असते. भरलेल्या रकान्यांच्या अपेक्षेने. ते संपूर्ण सत्य मानले की अन्याय सुरू होतो. हा धडा त्याच्या दृष्टीने संपूर्ण एम.टेक.मधील सर्वांत मोलाचा ठरला. आणि तो समजण्यासाठी आधीच्या चारही पानांची गरज होती, हेही त्याने नमूद केले.

नावे बाजू

नावेची बाजूही त्याने मोकळी ठेवली नाही. पहिल्या सत्रात इंग्रजी व्याख्यानांचा वेग झेपत नव्हता. रात्री तेच पाठ मराठीत लिहून काढावे लागत. प्रयोगशाळेचे काम लांबले की सूर्यास्तापूर्वीचे जेवण हुकण्याचा प्रसंग येई. तेव्हा आईने दिलेला कोरडा फराळ दुपारीच पिशवीत ठेवण्याची सवय करावी लागली. कंदमुळाविना जेवण मिळवताना कधी पोळी-वरणावर भागवले. दशलक्षण पर्व आणि मध्यसत्र परीक्षा एकत्र आल्या त्या वर्षी उपवासांची संख्या कमी करावी लागली, याची रुखरुख राहिली. दरमहा १२,४०० रुपयांचे विद्यावेतन मिळत असल्याने पेढीवर भार पडला नाही. त्या बदल्यात कनिष्ठ विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका तपासण्यासारखी कामे करावी लागत. आणि एक नोंद वेगळ्या प्रकारची: पहिल्या सत्रात रात्र रात्र जागून आत्मसात केलेले एक साधन चौथ्या सत्रापर्यंत कालबाह्य झाले होते. अल्गोरिदमच्या पानावरील एकही ओळ मात्र जुनी झाली नव्हती.

काकांनी चोपडी वाचून आपला आग्रह मागे घेतला. सहा महिन्यांचा वर्ग निरर्थक असतो असे कोणी म्हणत नाही. ज्याचा पाया झालेला आहे त्याला तो उपयोगी पडेल. बहिणीने चार वर्षांच्या पदवीसाठी प्रवेश परीक्षा द्यायची आणि प्रत्येक सुटीत पेढीवर बसून कीर्द लिहायची, असे ठरले. दुसरी अट वडिलांची होती. पहिलीपेक्षा ती दुसरीने अधिक आनंदली.

मुलामुलींना या क्षेत्रात पाठवू इच्छिणाऱ्या पालकांसाठी त्या चोपडीतून तीन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली, शुल्क भरण्यापूर्वी मुलाला गणिताची आणि तर्काची गोडी आहे का हे पाहावे, आय.आय.टी. आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापकांची व्याख्याने एन.पी.टी.ई.एल. या शासकीय साहाय्याच्या उपक्रमात विनामूल्य ऐकता येतात, त्यांतील एखादा विषय शेवटपर्यंत ऐकवून पाहावा. दुसरी, अल्गोरिदम, डेटाबेस, ऑपरेटिंग सिस्टिम आणि संभाव्यता हे विषय पक्के होण्यापूर्वी नव्या नावांच्या मागे धावू नये. तिसरी, मुलांना पेढीपासून तोडू नये. ज्याने उधारी देताना माणसाचा चेहरा पाहिला आहे, त्यालाच यंत्रात कोणता रकाना राहून गेला हे ओळखता येईल. उद्याचे व्यवहार यंत्रे करतीलच. त्या यंत्रांच्या वह्यांत कडेला टीप लिहिण्याची जागा ठेवणारी माणसे आपल्या घरांतून निघाली, तर शिक्षणावरील खर्च व्याजासह जमा झाला असे समजावे.